दोन काटक्या आणि दोन टोल्या : इंग्रजी 'कपल' व 'पेअर' या शब्दांविषयी

इंग्रजी भाष्यग्रंथ समोर ठेवून मराठीत प्रवचनाची सिद्धता करणे ही आपल्या पाळकांची व धर्मशिक्षकांची नित्याची रीत आहे. कठीण शब्द आला म्हणजे आपण कोश उघडतो. सोपा शब्द आला म्हणजे कोशाची गरज आपणांस भासत नाही, आणि फसगत बहुधा तेथेच होते. 'कपल' हा असाच एक सोपा शब्द आहे. 'दोन' किंवा 'जोडपे' हा त्याचा अर्थ शाळेतील मुलासही सांगता येतो. त्याचा शेजारी 'पेअर' हाही तितकाच परिचयाचा आहे. तथापि हे शब्द शास्त्रपाठात येतात तेव्हा ते कधी संख्या सांगतात, कधी बरोबरी, कधी बंधन, तर कधी केवळ 'थोडेसे' एवढेच सांगतात. यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे न पाहता केलेले विवेचन ऐकणाऱ्यांना चुकीच्या वाटेने नेते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या शब्दांचा थोडा विचार करणार आहो.

मराठी भाषक मंडळी जेथे अन्य भाषकांत मिसळून राहते तेथे हा प्रश्न अधिक जाणवतो. भोपाळचे उदाहरण घेऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले व भोपाळ त्याची राजधानी झाली. तोपर्यंतच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्यामुळे सरकारी कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे नागपुराहून भोपाळास गेली. अशा कुटुंबांत घरी मराठी, बाजारात हिंदी आणि शिक्षणात पुष्कळदा इंग्रजी असा तिहेरी व्यवहार चालतो. त्यांच्यामध्ये सेवा करणाऱ्यास एकच वचन तीन भाषांच्या गाळणीतून न्यावे लागते, आणि दर गाळणीत 'दोन'चा रंग थोडा पालटतो.

शब्दांचे मूळ

'कपल' हा शब्द लॅटिन 'कोपुला' या शब्दापासून आला आहे. कोपुला म्हणजे बंध, दुवा, दोहोंना एकत्र ठेवणारी वस्तू. आगगाडीचे डबे ज्या साधनाने एकमेकांस जोडतात त्यास 'कपलिंग' म्हणतात, त्यात हा मूळ अर्थ अद्याप स्पष्ट दिसतो. डबे एकसारखे असलेच पाहिजेत असे नाही. एक मालाचा व एक उतारूंचा असला तरी चालेल. ते जोडलेले आहेत एवढेच महत्त्वाचे.

'पेअर' या शब्दाचे मूळ निराळे आहे. लॅटिन 'पार' म्हणजे सम, तुल्य, बरोबरीचे. ज्या दोन वस्तू एकमेकींना शोभतात, ज्यांतील एक हरवली तर दुसरी निरुपयोगी होते, त्यांची 'पेअर' होते. मोजे, कर्णफुले व पादत्राणे ही त्याची उदाहरणे होत. 'ट्विन' या तिसऱ्या शब्दात दोनच्या अर्थाबरोबर सहजन्माचाही अर्थ आहे.

भोपाळच्या दोन तलावांवरून हा भेद सहज ध्यानी येईल. बडा तालाब अकराव्या शतकातील राजा भोजाच्या नावाशी निगडित आहे. छोटा तालाब १७९४ साली नवाब हयात मोहम्मद खान यांच्या कारकिर्दीत छोटे खान यांनी बांधविला. पहिला दुसऱ्याच्या कित्येक पट मोठा आहे. २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत दोहोंचा मिळून 'भोज वेटलँड' या एकाच नावाने समावेश झाला. आता कोणी इंग्रजीत या तलावांना 'ट्विन' म्हटले आणि आपण ते 'जुळे तलाव' असे मराठीत आणले, तर सात शतकांचे अंतर असलेल्यांना आपण सहोदर ठरवू. 'पेअर'चा काटेकोर अर्थ घेऊन त्यांना 'बरोबरीचे' म्हटले तर तेही खरे होणार नाही. परंतु ते एकमेकांस लागून आहेत, एकाच्या जलाचे व किनाऱ्याचे हित दुसऱ्याच्या हिताशी बांधलेले आहे, हे म्हणणे यथार्थ होईल. हा अर्थ कोपुलाचा, म्हणजे बंधाचा आहे.

मराठीतील जोड

आपल्या भाषेत हे दोन्ही अर्थ 'जोड' या एकाच शब्दात नांदतात. 'त्याच्या विद्वत्तेला जोड नाही' असे आपण म्हणतो तेव्हा बरोबरीचा कोणी नाही असा अर्थ होतो. 'हात जोडणे', 'माणसे जोडणे', 'जोडाक्षर' यांत बंधाचा अर्थ आहे. 'भाकरीच्या जोडीला चटणी' यात ना बरोबरी ना बंधन. केवळ सोबत आहे. शेतीला 'जोडधंदा' असतो तो शेतीच्या तोलाचा नसतो, तिला आधार देणारा असतो. 'जोडी' म्हटले की बैल किंवा खेळाडू डोळ्यांपुढे येतात, 'जोडपे' म्हटले की पतिपत्नी. 'जोडा' मात्र दोन्हींकडे वावरतो: 'लक्ष्मीनारायणाचा जोडा' म्हणजे शोभणारे पतिपत्नी, आणि 'दाराबाहेर काढून ठेवलेला जोडा' म्हणजे पादत्राण.

येथे हिंदीचा शेजार लक्षात घ्यावा लागतो. भोपाळात 'शादी का जोड़ा' म्हणजे वधूचा विवाहाचा पोशाख. मराठी घरातील आजीच्या कानावर तो शब्द पडला तर तिच्या मनात पायताण येण्याचाही संभव आहे. उलट मराठीतील 'दोघे', 'दोघी' आणि 'दोन्ही' हा नाजूक भेद हिंदीतील 'दोनों' या एका शब्दात लुप्त होतो. माणसांसाठी व वस्तूंसाठी निराळा शब्द, आणि माणसांतही स्त्रियांसाठी आणखी निराळा, ही मराठीची संपत्ती आहे. नामी व रूथ बेथलेहेमास पोहोचल्या ते सांगताना 'त्या दोघी' एवढे म्हणताच दोन एकाकी स्त्रिया आपल्या नजरेपुढे उभ्या राहतात. इंग्रजी 'टू'मध्ये ते सामर्थ्य नाही. इंग्रजीवरून बोलताना आपण आपले हे धन विसरू नये.

जोडी एक की दोन?

आता शास्त्रपाठांकडे वळू. पहिला प्रश्न मोजणीचा आहे. एलीया अलीशाला भेटला तेव्हा शेतात बैलांच्या बारा जोड्या चालल्या होत्या (१ राजे १९:१९). मूळ हिब्रू शब्द 'त्सेमेद' असा असून त्याचा अर्थ एका जुवाखालील बैलांची जोडी असा आहे. म्हणजे बैल चोवीस होते. पुढे एकविसाव्या वचनात अलीशा बैलांची जोडी कापून लोकांना जेवू घालतो, ती चोवीस बैलांची नव्हे, दोन बैलांची. ईयोबाच्या बैलांच्या पाचशे जोड्या होत्या व अखेरीस एक हजार जोड्या झाल्या (ईयोब १:३, ४२:१२). जो उपदेशक पहिल्या ठिकाणी बैल मोजील आणि दुसऱ्या ठिकाणी जोड्या मोजील, त्याच्या हिशेबात ईयोबाला दुप्पट मिळालेच नाही असे होईल. हाच 'त्सेमेद' शब्द यशया ५:१० मध्ये जमिनीचे माप म्हणून येतो: बैलांची जोडी जेवढी जमीन नांगरील तेवढी. आपले शेतकरी 'दोन औतांची शेती' म्हणत, त्याचाच हा प्रकार होय. तेथे बैल मोजू गेल्यास अर्थच लागत नाही.

इंग्रजीची आणखी एक खोड अशी की, दोन अवयव असलेल्या एकाच वस्तूलाही ती 'पेअर' म्हणते. कात्री, चष्मा, विजार या आपल्या दृष्टीने एकेक वस्तू आहेत. इंग्रजीत त्या 'पेअर' होतात. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात प्रकटीकरण ६:५ मधील काळ्या घोड्यावरील स्वाराच्या हाती तराजूंची 'पेअर' आहे. यावरून त्याच्या हाती दोन तराजू होते असे समजणे चुकीचे होय. तराजू एकच, त्याची पारडी दोन. मूळ ग्रीक शब्द 'झुगॉस' असून त्याचा अर्थ जू असाही होतो व तराजूची दांडी असाही होतो, कारण दोन्ही ठिकाणी एका आडव्या दांडीला दोन टोकांशी भार असतो.

याच्या उलट, आमोस २:६ व ८:६ या वचनांत दरिद्री माणसाची किंमत पायतणाच्या जोड्याएवढी ठरविल्याबद्दल संदेष्टा संतापतो. हिब्रू भाषेत संस्कृताप्रमाणे द्विवचन आहे, आणि डोळे, हात, पाय यांसारख्या निसर्गतःच दोन असणाऱ्या वस्तूंसाठी ते वापरतात. येथेही पायतणांसाठी तेच आले आहे. मराठीत 'जोडा' म्हणताच अर्थ नेमका उमटतो. परंतु हिंदी बोलणाऱ्या श्रोत्यांपुढे केवळ 'जोड़ा' म्हटल्यास कोणी त्याचा अर्थ पोशाख असा घेईल, आणि संदेष्ट्याने दाखविलेली किमतीची क्षुद्रता नाहीशी होईल. तेथे 'जूते' किंवा 'चप्पल' हा शब्द स्पष्ट उच्चारलाच पाहिजे.

नोहाच्या तारवातील शुद्ध पशूंविषयीचा प्रश्न याहून बिकट आहे. उत्पत्ती ७:२ मध्ये हिब्रू पाठात 'सात' हा शब्द लागोपाठ दोनदा येतो व पुढे नर आणि त्याची मादी यांचा उल्लेख आहे. म्हणजे प्रत्येक जातीचे सात पशू की सात जोड्या? १६११ च्या इंग्रजी भाषांतराने 'सातसात' असा शब्दशः अर्थ दिला. रिव्हाइज्ड स्टँडर्ड भाषांतराने १९५२ साली 'सात जोड्या' असा निर्णय केला. न्यू इंटरनॅशनल भाषांतरात १९७८ साली 'सात' होते, तर २०११ च्या आवृत्तीत 'सात जोड्या' आहेत. संख्या द्विरुक्त करून 'प्रत्येकी' हा अर्थ सांगण्याची रीत मराठीतही आहे: 'मुलांना सातसात पेढे दिले'. मार्क ६:७ मध्ये येशूने शिष्यांना 'दोघे दोघे' असे पाठविले, तेथे ग्रीक पाठातही 'दुओ दुओ' अशी द्विरुक्तीच आहे. म्हणून मराठी उपदेशकाला इंग्रजीपेक्षा मूळ पाठाच्या अधिक जवळ राहता येते. तारवातील नेमकी संख्या हा ज्या प्रवचनाचा कणा असेल ते प्रवचन मात्र डळमळीत पायावर उभे आहे असे समजावे.

दोन विधवा

दुसरा प्रश्न अदमासाचा आहे. इंग्रजीत 'कपल ऑफ डेज' म्हटले म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात नेमके दोनच दिवस असतात असे नाही. दोन-तीन दिवस, थोडे दिवस असाही अर्थ असतो. 'पेअर'ला ही मोकळीक नाही. मोज्यांची 'पेअर' म्हणजे दोनच मोजे. मराठीला ही रीत अपरिचित नाही. ग्रंथाच्या आरंभी 'दोन शब्द' असे शीर्षक असते आणि पुढे चार पृष्ठे मजकूर असतो. 'दोन घास खाऊन जा' या आग्रहात घास मोजावयाचे नसतात. 'चार लोकांत शोभेल असे वागावे' यात लोक चार नसतात.

आता सारफथ येथील विधवेची गोष्ट वाचावी (१ राजे १७:१२). दुष्काळात ती एलीयाला सांगते की आपण काटक्या गोळा करीत आहोत. घरी जाऊन शेवटची भाकर करावी, आपण व मुलाने ती खावी आणि मग मरावे. हिब्रू पाठात 'दोन काटक्या' असे आहे. १६११ च्या भाषांतरात 'टू' आहे, १९५२ च्या भाषांतरात 'कपल' आहे, आणि न्यू इंटरनॅशनल भाषांतरात 'थोड्या' असा अर्थ दिला आहे. तिन्ही भाषांतरे एकाच शब्दाची आहेत. त्या स्त्रीच्या तोंडी तो शब्द आपल्या 'दोन घास' यासारखा आहे. दोन काटक्यांवर भाकर भाजत नाही. तिचे म्हणणे एवढेच की, आता फार सरपणाची गरज उरलेली नाही.

संत ऑगस्टीन यांनी फाउस्टस याच्याविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात या दोन काटक्यांत वधस्तंभाची खूण पाहिली, कारण वधस्तंभ दोन लाकडांचा असतो. प्राचीन काळच्या भक्तिपर अर्थविवरणाचा तो नमुना आहे आणि त्याचा अवमान करण्याचे कारण नाही. परंतु आजच्या उपदेशकाने सारा भर त्या संख्येवर दिला तर मंडळीच्या कानी वधस्तंभाचे कोडे पडेल आणि त्या स्त्रीची भूक पडणार नाही. पाठाचा मुद्दा तिच्या भुकेचा व विश्वासाचा आहे.

याच्या शेजारी मंदिरातील विधवा ठेवून पाहावी (मार्क १२:४२, लूक २१:२). तिने भांडारात दोन टोल्या टाकल्या. येथे 'दोन'चा अर्थ 'थोड्या' असा करता येणार नाही. मार्क त्या दोन नाण्यांचे रोमी नाण्यात मूल्यही सांगतो, म्हणजे त्याने ती मोजली आहेत. नाणे एकच असते तर सर्व देणे किंवा काहीच न देणे एवढाच मार्ग तिला उरला असता. नाणी दोन असल्यामुळे एक ठेवून एक देण्याची वाट मोकळी होती. तिने ती वाट घेतली नाही. येथे संख्येवरच कथेचे सामर्थ्य अवलंबून आहे. दोन विधवा, दोघींच्या कथेत तोच आकडा. परंतु एकीच्या कथेत तो मोजू नये आणि दुसरीच्या कथेत मोजल्यावाचून राहू नये. साक्षीदारांच्या नियमातही (अनुवाद १९:१५) दोन म्हणजे दोनच, कारण तेथे एखाद्याचा जीव त्या आकड्यावर अवलंबून असतो.

बरोबरी की बंधन?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो विवाहाशी निगडित आहे. लूक २:२४ मधील होल्यांचा जोडा आणि लूक १४:१९ मधील बैलांच्या पाच जोड्या यांसाठी ग्रीकमध्ये 'झेउगॉस' हा एकच शब्द आहे. तो 'झुगॉस' म्हणजे जू या शब्दाच्या कुळातील आहे. संस्कृत 'युग', मराठी 'जू' व इंग्रजी 'योक' हे सर्व एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत. मत्तय १९:६ मध्ये देवाने जे जोडले ते मनुष्याने तोडू नये असे प्रभू सांगतो, तेथील 'जोडले' हे क्रियापदही याच कुळातील असून 'एका जुवाखाली आणले' असा त्याचा मूळ अर्थ आहे. म्हणजे विवाहासाठी तेथे जी कल्पना योजिली आहे ती 'पेअर'ची नाही, 'कपल'ची आहे. बरोबरीची नाही, बंधनाची आहे.

आपल्या समाजात मात्र स्थळ पाहताना 'जोडी शोभते का?' हा प्रश्न अगोदर विचारला जातो. वर्ण, उंची, शिक्षण, पगार व जात यांची तुलना होते. अनुरूपतेचा विचार करू नये असे आमचे म्हणणे नाही. संसार सुखाचा व्हावा म्हणून वडीलधारी माणसे तो करतात. परंतु विवाहविधीच्या वेळी पाळकाने याच अर्थाने 'देवाने जुळविलेली जोडी' असे म्हटले, तर मंडळी सहजच असे समजेल की शोभणे हाच विवाहाचा पाया आहे. मग पुढे एकास आजार आला, नोकरी गेली, किंवा वयोमानाने रूप ओसरले, म्हणजे 'जोडी शोभत नाही' असा निष्कर्ष काढण्यास वाट मोकळी होते. जुवाचा दृष्टान्त याहून खोल आहे. बैल एकसारखे नसले तरी जू एक असते, आणि एक थकला की दुसरा अधिक भार घेतो.

२ करिंथ ६:१४ मधील इशाऱ्याचेही असेच होते. तेथील ग्रीक शब्दाचा अर्थ 'निराळ्या जातीच्या जनावराबरोबर एका जुवाखाली येणे' असा असून त्यामागे बैल व गाढव यांना एकत्र जुंपू नये हा नियम आहे (अनुवाद २२:१०). त्यासाठी मराठीत 'विजोड' हा शब्द फार समर्पक आहे. परंतु आपल्या बोलण्यात 'विजोड' म्हणजे वयाने, रूपाने वा प्रतिष्ठेने न शोभणारे. त्यामुळे हे वचन ऐकताना मंडळीच्या मनात भलताच अर्थ उभा राहू शकतो. भोपाळसारख्या नगरात मराठी, हिंदी, मल्याळी व आदिवासी घराण्यांतील ख्रिस्ती तरुण-तरुणी एकत्र शिकतात, एकत्र उपासना करतात. त्यांच्यापैकी कोणी परस्परांशी विवाह करू म्हणाले आणि भाषा किंवा जात निराळी एवढ्याच कारणाने कोणी त्यांच्यापुढे हे वचन ठेवले, तर तो वचनाचा विपर्यास होय. पौल तेथे भाषा, जात किंवा रूप यांविषयी बोलत नाही. विश्वास व मूर्तिपूजा यांविषयी बोलत आहे. त्या उताऱ्यात विवाहाचा नामनिर्देशही नाही, जरी त्यातील तत्त्व विवाहास लावण्याची परंपरा जुनी आहे. आणि ज्यांचे जोडीदार विश्वास ठेवीत नाहीत त्यांनी त्यांना सोडू नये, असे तोच पौल १ करिंथ ७:१२-१४ मध्ये सांगतो. एका शब्दाच्या बोलीतील अर्थावरून एखाद्या घरात कायमचे वितुष्ट येऊ शकते, हे पाळकाने सदैव ध्यानात ठेवावे.

'जोडीदार' या शब्दाबाबतही सावध असावे. फिलिप्पै ४:३ मध्ये पौल एका सहकाऱ्याला 'एका जुवाखालील सोबती' या अर्थाच्या शब्दाने संबोधतो. प्राचीन काळी अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट याने तेथे पौलाची पत्नी अभिप्रेत आहे असे मानले. कित्येकांनी ते विशेषनाम असावे असे म्हटले. आजच्या मराठीत 'जोडीदार' म्हणताच पतिपत्नीचा भास होतो. म्हणून त्या ठिकाणी 'सहकारी' किंवा 'सोबती' हे शब्द अधिक निर्धोक ठरतात.

चार प्रश्न

वरील विवेचनावरून उपदेशकाने व धर्मशिक्षकाने 'कपल', 'पेअर' किंवा साधा 'टू' यांपैकी कोणताही शब्द आला असता स्वतःस चार प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. येथे लेखक मोजीत आहे काय? मोजीत असल्यास नग मोजतो की जोड्या? की तो केवळ 'थोडे' असे म्हणत आहे? आणि तो मोजीत नसून नाते सांगत असेल, तर ते नाते बरोबरीचे आहे की बंधनाचे?

या प्रश्नांची उत्तरे बहुधा शेजारच्या वचनांतच सापडतात. त्यासाठी मोठ्या ग्रंथसंग्रहाची आवश्यकता नाही. नाण्यांचे मूल्य सांगितले आहे तेथे मोजावे. भुकेलेली स्त्री सरपण वेचीत आहे तेथे मोजू नये. जुवाचा शब्द आहे तेथे रूप व प्रतिष्ठा यांची तुलना आणू नये. मराठी शब्द योजताना तो आपल्या मंडळीत कोणत्या अर्थाने चालतो याची विचारणा घरातील वृद्ध माणसांकडे करावी, आणि हिंदी भाषक श्रोते असतील तर त्यांच्याकडेही करावी. शब्द सोपा आहे म्हणून हे श्रम टाळू नयेत. ज्या दोघांचा विवाह आपण लावतो व ज्या विधवेच्या घरी आपण प्रार्थनेस जातो, त्यांच्यापर्यंत वचनाचा खरा अर्थ पोहोचावा यासाठी एवढे श्रम फार नाहीत.